इंदुरात जमणारी बावीस मराठी कुटुंबं मंडळी कधी होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर आणि नाशिककडून नोकरीनिमित्त इंदुरात आलेली बावीस मराठी ख्रिस्ती कुटुंबं एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी उपासना करतात. साठेक माणसं येतात. गाणी, उपदेश आणि चहा झाला की सगळे आपापल्या घरी जातात. याला मंडळी, म्हणजे एकमेकांशी बांधलेला ख्रिस्ती समुदाय, म्हणायचं का? आणि म्हणता येत नसेल तर उणीव नेमकी कशाची आहे?

रविवारच्या उपासनेत फारशी उणीव दिसत नाही. बुधवारी संध्याकाळी काय स्थिती असते ते तपासा. बावीस घरांपैकी कुठे आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली, कोण सलग तीन रविवार दिसलं नाही, हे त्या वेळी कुणाला तरी नावानिशी सांगता येतं का? येत असेल तर मंडळी आहे आणि बाकीचं हळूहळू जुळवता येईल. येत नसेल तर पूर्णवेळ पाळक (पास्टर), नवी बाजाची पेटी, प्रोजेक्टर यांनी काही बदलणार नाही.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीची चार कामं आहेत: प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. भाड्याच्या हॉलमधल्या बहुतेक मंडळ्या पहिलं आणि चौथं नीट करतात, तिसरं अधूनमधून करतात आणि दुसरं चहावर भागवतात. सहाव्या अध्यायात त्या मंडळीत पहिली उघड कुरबुर होते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी प्रेमावर उपदेश केला नाही. लोकांकडून सात माणसं निवडून घेतली आणि ते काम त्यांच्या हाती दिलं. सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे वाटप गेलं. हिंदी शहरात मराठी म्हणून राहणाऱ्यांनी हा अध्याय दोनदा वाचावा. उद्या तुमच्याच मंडळीत एखादं हिंदी किंवा मल्याळी कुटुंब आलं, तर तिथले हेब्री, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ती कुरबुर होती ते, तुम्ही असाल.

तेव्हा सुरुवात भेटींपासून करा. बावीस घरांचे राहण्याच्या जागेप्रमाणे तीन गट पाडा: विजयनगर-पलासिया, राजेंद्रनगर-सुदामानगर आणि महू-पीथमपूर. प्रत्येक गटाला एक वडील (मंडळीने निवडलेला कारभारी, ‘एल्डर’) आणि एक बाई असे दोघं जबाबदार. सात-आठ घरं, दोन महिन्यांत प्रत्येक घरी एक भेट, म्हणजे आठवड्याला एक घर. एवढं नोकरदार माणसाला जमतं. दहाच्या वर घरं दिली की पहिल्या तीन महिन्यांत भेटींची वही बंद पडते. भेट अर्ध्या-पाऊण तासाची असावी. आधी फोन करून जावं, जेवणाची वेळ टाळावी. बोलणं घरच्यांचं ऐकायचं, मग एखादं स्तोत्र वाचायचं आणि त्या घरात जे ऐकलं त्याचीच छोटी प्रार्थना करायची. मुलांसमोर त्यांच्या मार्कांवर आणि सुनेसमोर तिच्या स्वयंपाकावर प्रार्थना नको. असं होतं, आणि पुढच्या वेळी दार उशिरा उघडतं.

वहीत तारीख, कोण गेलं आणि पुढे काय करायचं, एवढंच लिहावं. घरातलं गुपित वहीत उतरवू नये. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी निघाली की सगळी भेटसेवा तिथेच संपते. आणखी एक खोड कायम दिसते: भेटी चांगलं दान देणाऱ्यांकडे आणि चांगले पोहे करणाऱ्यांकडे वाढतात. सहा महिन्यांनी वही उघडून कुठलं घर एकदाही आलेलं नाही ते पाहा. बहुधा तेच घर सगळ्यात लांब, भाड्याच्या एका खोलीत असतं.

दवाखान्यातली भेट दहा मिनिटांची. एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सोबत राहणाऱ्या नातेवाइकाला रात्री डबा आणि दोन तासांची झोप मिळवून देणं ही प्रार्थनेइतकीच सेवा आहे. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने वडिलांना बोलवावं असं आहे. पण आजारी माणूस संकोचाने बोलवत नाही, म्हणून निरोप घेणारा एक ठरलेला फोन नंबर हवा. सलग दोन रविवार कुणी आलं नाही तर सोमवारी फोन करावा. सहा आठवड्यांनी केलेला फोन चौकशीचा न वाटता जाब विचारल्यासारखा वाटतो.

आता उपासना. दीड तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. गाणी आणि स्तुती वीस मिनिटं, पापकबुली आणि क्षमेचं वचन पाच, दोन शास्त्रपाठ दहा, उपदेश पंचवीस, विनवणीची प्रार्थना दहा, अर्पण आणि आशीर्वाद दहा. वाढदिवस आणि सूचना पाच मिनिटांत उरकाव्या, आणि त्या उपदेशानंतर लगेच नकोत. ऐकलेलं तिथेच पुसलं जातं. वेळ उपदेशामुळे वाढते असं सगळे म्हणतात. घड्याळ लावून पाहिलंत तर बऱ्याचदा ती सूचनांमुळे आणि माइकवर ऐनवेळी दिलेल्या साक्षींमुळे, म्हणजे आपापल्या अनुभवांच्या कथनामुळे, वाढलेली असते. विनवणीच्या प्रार्थनेत शहर, शासन, शेजारी, आजारी आणि दुःखी यांचा क्रम ठरवून घ्या, नाहीतर दर रविवारी तीच चार नावं येतात.

नगरची माणसं आणि नाशिकची माणसं एकत्र आली की एक वाद ठरलेला असतो. नगरला अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, मोकळी प्रार्थना आणि अभंग. नाशिकला शरणपूरची अँग्लिकन परंपरा, छापील विधी आणि गुडघे टेकणं. कोणाचं खरं हे ठरवायला बसू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी छापील क्रमाने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) आणि इतर रविवारी मोकळा क्रम ही तडजोड टिकते. गाण्यांसाठी ‘उपासना संगीत’ दोघांच्याही घरात असतं, पण एकाच गीताच्या चाली दोन निघतात. तेव्हा शनिवारी अर्धा तास चार गाणारे आणि पेटीवाला यांनी बसून चाल ठरवावी. सूर बायकांना फार खाली आणि पुरुषांना फार वर जाणार नाही असा मधला धरावा. पेटीवाल्याने आपल्या गळ्याला सोयीचा धरला की निम्मा हॉल गप्प बसतो आणि लोक म्हणतात, आता कुणाला गाण्यात रस नाही.

इंदुरात वाढलेली मुलं देवनागरी वाचतात, पण मराठी अडखळत. ना. वा. टिळकांची अभंग-ओवीतली गीतं त्यांना अर्थ कळायच्या आधी पाठ होतात, ती खुशाल होऊ द्यावीत; कडव्याचा अर्थ संडे स्कूलमध्ये हिंदीत सांगितला तरी चालतं. शास्त्रपाठासाठी मराठी बायबलचं एकच भाषांतर ठरवा. वाचणाऱ्याच्या हातात एक आणि ऐकणाऱ्यांच्या मांडीवर दुसरं असलं की लोक शब्द जुळवत बसतात. दुसरा पाठ हिंदीत घ्यायला हरकत नाही. सुना-जावई हिंदी असतात आणि तेही मंडळीच आहेत.

प्रभुभोजनाची तयारी कुणाची, हे लिहून ठेवावं. ‘कुणीतरी करेल’ म्हणून शनिवारी रात्री दहाला धावपळ होते. साठ माणसांना लहान पेल्यात दहा मिलिलिटरप्रमाणे सहाशे मिलिलिटर द्राक्षरस लागतो. पाव किलो काळे मनुके धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, कुस्करून पातळ फडक्यातून गाळा, एवढ्यात भागतं. मे महिन्यात हा रस बाहेर ठेवला तर दुपारपर्यंत फसफसतो, म्हणून शनिवारीच करून ठेवायचा असेल तर फ्रिजमध्येच ठेवा. भाकरीसाठी पाव किंवा बिनखमिराची पोळी, दोन्ही चालतात. तुकडे आदल्या रात्री करून ठेवू नका, ते कडक होतात. उरलेलं मोरीत ओतू नये, सेवेतल्या माणसांनी तिथेच संपवावं.

पहिल्या करिंथकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल रागावला आहे तो विधी चुकल्यामुळे नाही. आधी पोचलेले जेवून घेत होते आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत होते. पीथमपूरच्या कारखान्यांत रविवारी सकाळची पाळी असलेली माणसं तुमच्यात असणारच. त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा तरी प्रभुभोजन संध्याकाळी ठेवा.

पैशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मंडळ्या तत्त्वज्ञानावरून कमी आणि हिशेबावरून जास्त फुटतात. अर्पणाची थैली उपासना संपताच, हॉल सोडण्याआधी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी. नोटांच्या प्रकाराप्रमाणे चिठ्ठी भरावी, दोघांनी सही करावी आणि रक्कम सोमवारी बँकेत भरावी. थैलीतून थेट हॉलचं भाडं किंवा चहाचं दूध द्यायचं नाही. सगळं आधी बँकेत, मग व्हाउचरवर खर्च. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच लावा. खजिनदाराच्या खासगी खात्याचा कोड ‘तात्पुरता’ म्हणून लागतो आणि वर्षभर तसाच राहतो. माणूस प्रामाणिक असला तरी हिशेब कधीच नीट लागत नाही. चेकवर दोन सह्या, पण नवरा-बायकोच्या नकोत. पावतीपुस्तकांना क्रमांक हवेत आणि रद्द पावती फाडून न टाकता पुस्तकातच राहायला हवी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मंडळीपुढे वाचावा, प्रश्नांसह. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मदतीची रक्कम एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला ही काळजी घ्यावी लागली, तर आपल्या खजिनदाराने त्यात अपमान मानू नये.

समजा महिन्याला चाळीस हजार जमतात. तर हॉल आणि वीज दहा हजार, पाळक किंवा येणारे उपदेशक सोळा, मदतनिधी पाच, मुलांचं काम तीन, ज्या चर्चच्या छत्राखाली आहात त्याला वाटा चार, शिल्लक दोन. आकडे बदलतील, पण मदतनिधी शून्य असेल तर ते मंडळीचं अंदाजपत्रक नव्हे, कार्यक्रमाचा खर्च आहे. मदत कुणाला दिली हे तिघांनाच माहीत असावं. किती दिली हे हिशेबात सगळ्यांना दिसावं. डिसेंबरात नाताळच्या मंडपावर या निधीतून उसनवारी होते. ती होऊ देऊ नका, नाताळचा निधी वेगळा काढा.

परदेशातून पैसे येत असतील तर जपून. परदेशी नागरिकाचं दान, मग तो तुमचा सख्खा पुतण्या का असेना, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नोंदणी असली तरी ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आधी यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत फायलीला लावून ठेवा.

भांडणं होणारच. मत्तय १८ चा क्रम साधा आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. प्रत्यक्षात तो उलटा चालतो. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं, मग वडिलांकडे येतं आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. तक्रार घेऊन येणाऱ्याला वडिलांनी पहिला प्रश्न विचारावा, ‘त्यांच्याशी बोललात का?’

पण हा अध्याय गुन्ह्यांना लावायचा नाही. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीत मिटवणं, माफी मागायला लावणं, कुटुंबाची अब्रू सांभाळणं, यातलं काहीही चालत नाही. संडे स्कूलच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, त्यातली एक तरी बाई, आणि दार उघडं. शाळेच्या इमारतीत रिकाम्या खोल्या पुष्कळ असतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. वर्गासाठी चाळीस मिनिटं पुरतात, आणि चार ते सात, आठ ते बारा, तेरा ते सोळा असे गट असावेत. तेरा ते सोळाचा गट पहिल्यांदा गळतो, कारण त्यांना लहान मुलांच्याच गोष्टी पुन्हा ऐकवल्या जातात. त्यांना शास्त्रपाठ वाचायला, पेटी-तबल्याला आणि पैसे मोजायला घ्या.

वडिलांची निवड तीन वर्षांसाठी, दर वर्षी एकतृतीयांश बदलून. एका घरातले दोघं एका वेळी नकोत. मतदार यादी निवडणुकीआधी महिनाभर लावावी, कारण भांडण उमेदवारावरून क्वचित आणि सभासद कोण यावरून नेहमी होतं.

आता तुम्ही कुणाच्या छत्राखाली, हा प्रश्न. स्वतंत्र संस्था काढायची घाई दिसते; मध्य प्रदेशात १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली ती होतेही. पण पहिली दोन-तीन वर्षं शहरातल्या एखाद्या जुन्या चर्चची मराठी उपासना म्हणून राहणं जास्त शहाणपणाचं. इंदुरात कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचं काम १८७७ मध्ये सुरू झालं. ती परंपरा पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. सहा परंपरांच्या त्या एकीकरणात नगरचे आणि नाशिकचेही होते. म्हणजे हिंदी उपासना कानाला परकी वाटली तरी त्यात वाढलेल्यांसाठी ते आपलंच चर्च आहे, आणि मूळ मंडळीकडून सभासदत्वाचं बदलीपत्र आणलं की काम होतं. बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाने स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती या चर्चमध्ये मान्य आहेत, त्यामुळे तो वाद तिथे मिटतो.

छत्र लागतं ते मुख्यतः लग्न आणि दफन यांच्यासाठी. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न वाटेल त्याला लावता येत नाही. दीक्षित पाळक किंवा परवानाधारकच लागतो. सर्वसाधारण नियमाने विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यांच्या दरम्यान व्हावा लागतो. इंदुरात वरात रात्री नऊला पोचते, म्हणून विधी दुपारी आणि जेवण रात्री हे दोन्ही घरांना आधीच बजावून सांगा. लग्नाची नोटीस आधी द्यावी लागते, आणि तिच्यानंतरचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा करावं लागतं. रजिस्टरवर पाळक, वधू-वर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. नावं आधार कार्डावरच्या स्पेलिंगनेच लिहा; पुढे पासपोर्टच्या वेळी एका अक्षरासाठी लोक जुन्या पाळकांना शोधत फिरतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीलाही हेच लागू.

दुसऱ्या धर्मातल्या प्रौढाने बाप्तिस्मा मागितला तर मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम २०२१ आडवा येतो. त्यात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे. तिच्यावर न्यायालयात वादही झाले आहेत, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. मदतनिधीतून ज्याला मदत चालू आहे त्याच्या बाप्तिस्म्याची चर्चा त्याच माणसांनी करू नये. कायद्यासाठी तर नाहीच, त्या माणसाच्या मोकळेपणासाठीही नाही.

दफनाची तयारी मृत्यूच्या आधी करून ठेवावी, हे ऐकायला कठोर वाटतं पण उपयोगी पडतं. कब्रस्तान समितीचा नंबर, शुल्क, शवपेटी करणारा सुतार, शववाहिनी आणि कबर खोदणारी माणसं, एवढी यादी प्रत्येक गटाच्या वडिलांकडे असावी. सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट खोल कबर हाताने खोदायला दोन-तीन माणसांना चार-पाच तास लागतात. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, आणि पावसाळ्यात कडा ढासळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या रात्री खोदून ठेवू नका. त्याच दिवशी खोदा, वर ताडपत्री टाका आणि पाणी उपसायला बादली-दोरी ठेवा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत महापालिकेत किंवा नगरपालिकेत व्हावी लागते, आणि दुःखातल्या घराला ते सुचत नाही. ते काम गटाच्या वडिलांचं. दफनानंतर पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं असतं. खरी भेट चौथ्या-पाचव्या आठवड्यात लागते, ती वहीत आजच लिहून टाका.

सणांचं फार सांगायला नको. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, हंगामाचा सण. लोकांना ते पाठ असतात. उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र खायचं असेल तर साठ माणसांना पाच किलो पोहे पुरतात, शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) वेगळं. खर्च मंडळीचा नको. एकेका गटाने पाळीने करावं, आणि वाढणाऱ्यांत पुरुष हवेत.

शेवटी जागेबद्दल, कारण तो विषय तुमच्यात लवकरच निघेल. प्लॉट घ्यायची घाई करू नका. तीन वर्षांचा तपासलेला जमाखर्च, नियमित सभासद यादी आणि हॉलचं भाडं वेळेवर देण्याची सवय आधी हवी. जमीन कुणाही पाळकाच्या, वडिलांच्या किंवा दात्याच्या नावावर घ्यायची नाही, ‘नंतर बदलून घेऊ’ म्हणूनही नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या किंवा ज्या चर्चच्या छत्राखाली आहात त्याच्या मालमत्ता न्यासाच्याच नावावर हवी. तोवर शाळेशी अकरा महिन्यांचा लेखी करार करा. त्यात रविवारची वेळ, वीज, स्वच्छतागृह आणि परीक्षांच्या दिवसांत पर्यायी खोली कोणती, हे लिहून घ्या. मार्चमध्ये नेमका उपवासकाळ चालू असताना हॉल परीक्षेसाठी जातो.